आमेन न म्हटलेली दुपार

सालवड, बोईसर
३ नोव्हेंबर २०२५

तर सगळ्यांत आधी आली पुष्पलता. डोक्यावर मासळीची पाटी, आणि दारातच अडकली, कारण तिच्या मागून आपले पाळकसाहेब आणि त्यांच्या मागून चंद्रभान वडील. (वयानं तुझ्या बापाहून दोन वर्षांनीच मोठा, पण चर्चच्या मंडळीनं वडील म्हणून निवडलाय, तेव्हा आपणही वडीलच म्हणायचं.) पाळकसाहेब म्हणतात, "बाई, जरा वाट द्या." पुष्पलता म्हणते, "मी काय पाटी घेऊन हवेत उडू? आजे, आधी बोंबील घे, मग देवाचं बोलत बसा. देव नासत नाय, बोंबील नासतो." पाळकसाहेबांना हसू आवरेना. मी अर्धी पाटी घेतली नि तिला म्हटलं बस, चहा घेऊन जा. ती बसली उंबऱ्यावर, आणि कान आत.

अगं उन्नते, सलाम राहिलाच. प्रभूमध्ये तुला आजीचा सलाम. तुझे आईबाप बरे आहेत. तू म्हणतेस रविवारी फोन कर, पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं हं हं करतेस. कागदावर हं हं करता येत नाही, म्हणून पत्र. तूच चौथीत असताना मला पाटीवर गिरवायला शिकवलंस, आता भोग.

तर पाहुणे आले कशाला, ते ऐक. मंडळीच्या वाढदिवसाची प्रार्थनेची साखळी आहे शनिवारी, पंधरा तारखेला. तुला माहीतच आहे, शनिवारी दुपारी बारापासून रविवारच्या उपासनेपर्यंत प्रार्थनाघरात कुणी ना कुणी प्रार्थनेला बसलेलं पाहिजे, एक उठला की दुसरा बसला. चंद्रभान वडील तासांचा कागद घेऊन हिंडत होते. सगळे तास भरले, शनिवारचा तीन ते चार तेवढा रिकामा. पहिली पाळी सुटते, दुसरी लागते, अर्धं बोईसर बसमध्ये. तुझी आई पॅकिंगवर, तुझा बाप प्लँटवर. वडिलांनी स्वतः चारपासून रात्री आठपर्यंत घेतलंय. तीनला सुटून यायला त्यांना चार होतात, त्याच्या आधी जमत नाही.

 मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी. माझ्या तोंडातून गेलं, "मी मोकळी आहे की."

चंद्रभान वडील माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी ट्रक चालवते म्हटलं. "आजी, तास असतो हं. पूर्ण तास." तुझा बाप आतून ओरडतो, "आई पाच मिनिटांत घोरायला लागेल!" उंबऱ्यावरून पुष्पलता, "तुमची आई? ती भाव करायला बसली तर तास पुरत नाय तिला." पाळकसाहेब म्हणाले, "लिहा नाव."

लिहिलं. नर्मदा झुंबर पाटोळे. मी वाचून बघितलं, स्पेलिंग बरोबर होतं. तुझे आजोबा असते तर तो कागद मागून घेऊन शेजारी दाखवून आले असते.

आता खरं सांगते.  घरगुती प्रार्थनेत माझी पाळी आली की मी म्हणते, "प्रभू, सगळ्यांचं भलं कर, आमेन," आणि तोवर लोकांचे डोळेसुद्धा मिटून झालेले नसतात. तास कसा भरू गं? साखळी एवढ्या वर्षांत कधी तुटली नाही म्हणतात. माझ्या कडीला तुटली तर? चंद्रभान वडील बोलणार नाहीत, पण पुढच्या वर्षी कागद घेऊन या दारात यायचे नाहीत. तू संडे स्कूलला बक्षिसं घेतलीस. काय काय बोलायचं ते मला लिहून पाठव. मोठ्या अक्षरात.

तुझी आजी

*

नाशिक, होस्टेल
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजी,

सलाम. तुझं पत्र जेवणाच्या रांगेत वाचलं आणि इतकी हसले की भात सांडला. नाव लिहिलं! शाब्बास!

अजिबात घाबरू नकोस. तासाचे सहा भाग कर. दहा मिनिटं उपकारस्तुती. दहा मिनिटं मंडळी आणि पाळकसाहेब. दहा मिनिटं आजारी लोक. दहा राज्यकर्ते आणि देश. दहा घरचे, नातेवाईक. शेवटची दहा तुझ्या स्वतःसाठी. भिंतीवरच्या घड्याळाकडे अधूनमधून बघ. विषय संपला आणि वेळ उरला तर तोच विषय वेगळ्या शब्दांत पुन्हा घे, सगळे तेच करतात. मीही रोज अशीच प्रार्थना करते, वेळापत्रक लावून, म्हणून काही राहत नाही. आमेन एकदम शेवटी म्हण. आमेन म्हटलं की प्रार्थना संपली, म्हणून त्याच्या आधी म्हणू नकोस, नाहीतर तुझ्या सवयीनं तीन वाजून एक मिनिटाला म्हणून मोकळी होशील.

इकडे माझं ठीक चाललंय. वॉर्डला ड्युटी लागलीय. एकेका नर्समागे इतके पेशंट असतात की आम्ही चालत नाही, पळतो. सुरगाण्याकडच्या एक बुधी आजी आहेत माझ्या बाजूला, कंबरेचं हाड मोडलंय, घरचं कुणी येत नाही. मी गेले की म्हणतात, "ये पोरी, बस." मी म्हणते, "आले हं." आणि पुढच्या कॉटला जाते. तुझीच आठवण येते. पण बसायला वेळ कुठला?

घाईत लिहितेय, सहा वाजता रिपोर्टिंग आहे. तास नीट भर. कळव.

तुझी,
उन्नती

*

सालवड
१७ नोव्हेंबर २०२५

उन्नते, माझ्या सोन्या,

साखळी तुटली नाही. आधी तेच लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता पाणी पी आणि नीट बसून वाच, कारण हे पत्र लांबणार आहे.

तुझं पत्र आलं ते मी दहा घरी वाचून दाखवलं. नर्सिंगची एवढी पळापळ, तरी पोर रोज वेळ लावून प्रार्थना करते, असं सगळ्यांना सांगितलं. आपल्या खोल्यांच्या ओळीतल्या दोन बायका तर डोळे पुसायला लागल्या. आणि माझ्यासाठी इतक्या घाईतसुद्धा लिहिलंस. गुणाची गं माझी.

शनिवारी मी पांढरं लुगडं नेसले, तुझ्या आजोबांनी शेवटच्या नाताळाला घेतलेलं. अडीचलाच जाऊन बसले. माझ्या आधीच्या तासाला आपल्या ओळीतला निमेश होता. तो तीनला उठला, मला हात जोडले, रिक्षा पकडून गेला. मी एकटी. पत्रा तापलेला, पंखा कुरकुर करतोय. मी तुझा कागद मांडीवर ठेवला आणि सुरू केलं.

उपकारस्तुती झाली. मंडळी झाली. आजारी झाले, एकेकाचं नाव घेऊन, गुडघेवाल्यांसकट. राज्यकर्त्यांना देवाच्या हवाली केलं, मला त्यांच्यातलं फार कळत नाही. घरचे झाले, तू दोनदा झालीस. माझ्यासाठी काय मागायचं, तर डोळ्यांत मोतीबिंदू वाढू नये. डोळे उघडून घड्याळ बघते तर सव्वातीनसुद्धा झालेले नव्हते!

तोंड कोरडं पडलं. परत सुरू केलं. आपल्या ओळीतलं प्रत्येक घर घेतलं, बंद खोल्यांसकट. वीजवाल्यांसाठी प्रार्थना केली. कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्र्यासाठी केली. राहुरीला आमच्या वस्तीवर जी विहीर होती तिच्यासाठी केली, ती आता बुजलीय म्हणतात. मग काही म्हणजे काहीच राहिलं नाही. रिकामं मडकं.  म्हटलं, झालं, इथंच तुटली कडी, नर्मदे, तुझ्याच हातून.

पण तू लिहिलं होतंस ना, आमेन म्हटलं की संपली. मग मी मनाशी म्हटलं, आमेन म्हणतच नाही. आमेन म्हटलं नाही म्हणजे प्रार्थना चालूच आहे. बोलले नाही तरी चालू. कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही की तुटली.

आणि तशीच बसले, गप्प.

चार वाजले. चंद्रभान वडील आले नाहीत. सव्वाचार झाले, साडेचार. पाळकसाहेब वाणगावला आजाऱ्याकडे गेलेले. कुणाला विचारू? उठावं तर साखळी तुटते.

आता तुला तुझ्या आजोबांची एक गोष्ट सांगते, तू तेव्हा लहान होतीस. ते एमआयडीसीत बॉयलरवर होते एवढं तुला माहीत आहे. एकदा मी त्यांना विचारलं, "अहो, काम काय करता?" तर म्हणाले, "बसतो." मी म्हटलं, "नुसतं बसायला नेमलंय होय तुम्हाला? पाय दुखत नाहीत म्हणायचे!" तर म्हणाले, "बॉयलरला काचेची एक नळी असते. त्यात पाणी दिसतं. ते पाणी खाली जाऊ द्यायचं नाही. म्हणून समोर बसायचं आणि बघायचं. शेजारी एवढी आग, आपण तिथं जागं असलं पाहिजे, बास." आणि त्यांचा एक नेम होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही. कंपनीची बस सुटून जायची, हे तिथंच. भाकरी गार व्हायची, मी दारात उभी राहून भांडायची, "तुम्हालाच काय पडलंय एवढं?" तर म्हणायचे, "नर्मदे, आग माझ्या हवाली केलीय."

शनिवारी त्या पत्र्याखाली मला ते इतकं आठवलं म्हणून सांगू! म्हटलं, बरं तर. रिलीव्हर आला नाही. मी सोडत नाही.

पाचनंतर काय झालं ते मला शब्दांत नीट मांडता येणार नाही, पण प्रयत्न करते. भीती गेली. आधी मी देवाला काही ना काही देत होते, नावं, विषय, जसं पाहुण्याला ताटात वाढत राहावं तसं. वाढायचं संपलं, मग मी त्याच्यासमोर बसले. तुझे आजोबा नाइट करून आले की ओट्यावर बसायचे, मी मेथी निवडायची. तास जायचा, एक शब्द नाही. कुणी येणारा-जाणारा म्हणाला का कधी, की हे दोघं बोलत नाहीत, यांचं बिनसलंय? तसं होतं ते. तो आहे हे मला माहीत होतं, आणि मी आलेय हे त्याला. ऊन पत्र्यावरून उतरून दारात आलं, मग माझ्या पायावर, मग गेलं. मी काही मागितलं नाही. मोतीबिंदूचंसुद्धा परत काढलं नाही.

साडेपाचला पुष्पलता. बाजार उरकून परत जाताना घरी गेली, कुलूप बघितलं, शोधत इथं आली. दारातून ओरडते, "आजे! तुझे बोंबील ठेवलेत!" मी हातानं गप्प केलं. मनात म्हटलं, "प्रभू, थांब जरा, ही आलीय," आणि तिला हळूच म्हटलं, "ठेव तिथं, माझी प्रार्थना चाललीय." ती म्हणते, "तुजं तोंड तं बंद हाय." म्हटलं, "हो. तरी चाललीय." तिनं माझ्याकडे बघितलं, पाटी खाली ठेवली आणि पायरीवर बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आमी बंदरावर अशाच बसतो. बोट येईस्तर. बोलून काय बोट लवकर येत नाय. पन बसायला लागतं." मग तीसुद्धा गप्प. तिचं तिच्या देवाशी, माझं माझ्या प्रभूशी, आणि मध्ये बोंबलांचा वास!

सातला तुझी आई कामावरून थेट आली, डोक्यावर पॅकिंगची जाळी तशीच. तिला निरोप मिळाला की सासूबाई दुपारपासून गायब. आधी रडायला लागली, मग रागवायला. "आई, चार तास झाले! शुगरची गोळी घेतली का? उठा, मी बसते." आणि उन्नते, इथं खरी गंमत आहे. रिलीव्हर आला होता, माझीच सून. मला उठायला हरकत नव्हती. पण मला उठायचंच नव्हतं गं! लहान मूल खेळातून उठत नाही तशी मी बसून राहिले. म्हटलं, "अर्चना, तू शेजारी बस. मी इथंच आहे." तिनं पर्समधून गोळी काढून मला दिली, पाणी दिलं आणि बसली. तुझी आई, जी भाजी चिरतानासुद्धा घड्याळ बघते, ती बसली. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. मी बघितलं.

आठला तरुण संघाची पोरं आली, हसतखेळत. आम्हा तिघींना बघून चपला हातात घेऊन आत आली.

चंद्रभान वडिलांचं रविवारी कळलं. त्यांचा प्लँटवरचा रिलीव्हर तापानं आलाच नाही, त्यांना डबल ड्युटी पडली, मोबाईल गेटवर जमा. रात्री अकरापर्यंत तिकडे ते मशीन धरून, मनात एकच, साखळी तुटली, साखळी तुटली. म्हणजे बघ, ते तिकडे सोडू शकले नाहीत आणि मी इकडे! रविवारी उपासनेत उभे राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि मला उभं राहायला लावलं. मी उभी राहिले. पदर नीट केला. तुझा बाप मागच्या बाकावर बसून लाल झाला होता, पण हसत होता.

तू लिही. बुधी आजींच्या कंबरेचं कसं आहे?

तुझी,
आजी (नर्मदा झुंबर पाटोळे)

*

नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५

माझी आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसत. दुसऱ्यांदा दहा घरी वाचून दाखवलंस त्या ओळीपाशी अडकले. म्हणून आधी तेवढं सांगते: मी रोज प्रार्थना करते असं लिहिलं ते खरं नव्हतं. सुरुवातीला करायचे. मग वॉर्डच्या चार्टवर टेंपरेचर, बीपी झालं की खूण करतात तशी करायला लागले, आणि मग तेही सुटलं. तुला सहा भाग करून दिले, माझ्याकडे एकही नव्हता. त्या बायकांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

आता ऐक. परवा माझी दुपारची ड्युटी संपली आणि माझी रिलीव्हर आली नव्हती. एरवी मी घड्याळाखाली उभी राहून पाय आपटते. पण डोक्यात तुझ्या पत्रातले, काचेच्या नळीतलं पाणी बघणारे आजोबा बसले होते. मी बुधी आजींच्या कॉटपाशी गेले. नेहमीसारखं त्या म्हणाल्या, "ये पोरी, बस." आणि मी बसले. स्टूल ओढून.

त्या इतक्या चकित झाल्या की काही बोलल्याच नाहीत! इतके दिवस बस बस म्हणणारी बाई, बसल्यावर गप्प. माझं एक बोट धरलं मुठीत, लहान मुलं धरतात तसं. मी पहिल्यांदा त्यांचे हात नीट बघितले. तळव्याला घट्टे, वरची कातडी इतकी राठ की सलाईन लावताना आम्ही शीर शोधत बसतो, त्यामागं एवढं काम आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. मला वाटलं काहीतरी प्रार्थना करावी. शब्द आले नाहीत. मग तुझं आठवलं, आमेन म्हटलं नाही म्हणजे चालूच. म्हणून मी सुरुवातही केली नाही आणि आमेनही म्हटलं नाही, नुसती बसले. आणि आजी, मला खरंच वाटलं की तिथं आम्ही दोघीच नव्हतो.

त्यांना झोप लागली. किती वेळ गेला माहीत नाही. इन्चार्ज सिस्टर येऊन मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाटोळे, काय करतेस?"

"बसलेय, सिस्टर."

"कशासाठी?"

"रिलीव्हर यायचीय."

त्या म्हणाल्या, "ती केव्हाच आली. तिनं तुझ्या बाजूची औषधंही दिली. तुला उठवायचं नाही म्हणून गप्प राहिली."

मी वळून बघितलं, तर खरंच, ती पलीकडच्या कॉटला ड्रेसिंग करत होती. माझ्याकडे बघून हसली.

मी अजून आमेन म्हटलेलं नाही.

तुझी,
उन्नती

*

सालवड
१ डिसेंबर २०२५

उन्नते,

तुझं पत्र पोस्टमननं शेजारी टाकलं होतं, ते काल हातात आलं तेव्हा घर भरलेलं होतं, त्यामुळे मी ते पदराखाली ठेवलं आणि सगळे गेल्यावर वाचलं. मग चहा न पिता परत वाचलं. रडले, पण ते तुझ्या खोट्यासाठी नव्हे हं. खोटं मी आधीच ओळखायला हवं होतं, तुझं अक्षर इतकं पळत होतं की प्रत्येक ओळ उजवीकडे पडली होती. ह्या पत्रातलं अक्षर सरळ बसलंय. त्या दोन बायकांना मी जाऊन सांगितलं, आमची पोर प्रार्थना करत नव्हती, आता करते. त्या म्हणाल्या, हे तर जास्त चांगलं. एकीनं विचारलं, आमची पोरगी पण नर्सिंगला टाकू का? मी म्हटलं टाका, पण आधी बसायला शिकवा.

आणि तुझ्या रिलीव्हरला माझा सलाम सांग. नाव कळव. तिच्यासाठी सुके बोंबील पाठवते, डब्याचं झाकण पक्कं लाव म्हणावं, नाहीतर होस्टेल रिकामं होईल.

आता घर कशानं भरलं होतं ते सांगते. रविवारी उपासनेनंतर आधी आले चंद्रभान वडील. एकटे. बसले, टोपी मांडीवर. मला वाटलं पुढच्या वर्षीचा कागद. तर म्हणाले, "आजी, त्या रात्री मी प्लँटवर फार बोललो देवाशी, साखळी तुटली म्हणून माफी मागत होतो. आणि तुम्ही इथं बसला होता. मला पण तसं बसायचंय. मला येत नाही. वीस वर्षं मंडळीत प्रार्थना चालवतो, पण गप्प बसलो की मला वाटतं मी कामचुकारपणा करतोय." मी म्हटलं, "अहो, आमच्या यांनासुद्धा लोक तेच म्हणायचे. बॉयलर मात्र कधी फुटला नाही."

मग पुष्पलता आली. तिच्याबरोबर तिच्या बंदरावरची एक बाई, म्हणते, "ही माजी जाऊ, हिचा नवरा बोटीवर हाय, हिला पन बसायचं. तुजा देव नाय बोलत तं चालेल, आमचा पन नाय बोलत." मी म्हटलं, "माझा बोलतो गं, मी बडबड थांबवली की." त्यावर ती हसून म्हणते, "मंग तुला ऐकायला कधी येनार?" त्या दोघी उंबऱ्यात बसल्या, आत ये म्हटलं तरी येईनात, पाटीचा वास लागेल म्हणून. मी म्हटलं, त्या शनिवारी प्रभूनं तो वास घेतलाय, त्याला सवय झालीय. तेव्हा आत आल्या.

मग तुझी आई, ड्युटी बदलून घेऊन. ती आली तशी तिनं भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटावर उलटं ठेवलं. न सांगता. मी बघतच राहिले. माझी सून आहे म्हणून सांगत नाही, पण अशी सून पूर्ण बोईसरात नाही.

शेवटी तुझा बाप. "मी फक्त दार लावायला आलोय," म्हणत आला आणि कोपऱ्यात बसला.

आम्ही बसलो. कुणी सुरुवात केली नाही. बाहेर कुणाची रिक्षा सुरू होईना, कुणी शिव्या देत होतं, मग ती सुरू झाली आणि गेली. पलीकडे कुणी लसूण फोडणीला टाकला. मी त्या सगळ्याला आत येऊ दिलं. हे सगळं त्याचंच, मी कशाला दार लावू? मधे एकदा चंद्रभान वडिलांचा हुंदका ऐकू आला. डोळे उघडून बघितलं नाही. ते त्यांचं.

आणि मग कोपऱ्यातून आवाज. घर्र. परत घर्र. तुझा बाप! जो म्हणाला होता आई पाच मिनिटांत घोरेल. पुष्पलतेनं पदर तोंडात कोंबला, तिची जाऊ हलायला लागली, मग चंद्रभान वडीलसुद्धा. तुझी आई त्याला उठवायला गेली, मी हात धरला. म्हटलं, राहू दे. नाइट करून आलाय. देवबापाच्या घरी झोपलाय, दुसरीकडे कुठं झोपणार?

तो जागा झाल्यावर आम्ही चहा केला. जाताना चंद्रभान वडिलांनी विचारलं, "आजी, पुढच्या वेळी किती वेळ धरायचा? लोकांना सांगावं लागेल." मी म्हटलं, "घड्याळ तर उलटं आहे. रिलीव्हर येईपर्यंत, असं सांगा." त्यांनी वही काढली, पेन काढलं, मग दोन्ही खिशात ठेवून दिलं.

तुझ्या आजोबांचा फोटो आहे ना, कंपनीच्या निळ्या कपड्यातला, तो मी बैठकीत लावलाय. देव म्हणून नव्हे, तसलं आपल्यात नाही. पण नेम त्यांचा, म्हणून माणसांनी चेहरा बघावा. पुष्पलतेच्या जावेनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "हे बसायचे."

बुधी आजींना सांग, सालवडच्या नर्मदेनं सलाम सांगितलाय, आणि पोरगी बसली नाही तर मला कळवायचं.

सगळे बुधवारी परत येणार आहेत. पुष्पलता म्हणाली, त्या दिवशी भरती उशिरा, बोटी उशिरा लागतील, तेव्हा ती आधीच येऊन ओटा झाडून ठेवेल. तुझ्या बापानं उशी आणू का विचारलं. 

तुझी,
आजी